‘चालू’चं बटण सगळ्यात शेवटी



मागच्या वर्षी आठवीच्या वर्गात मी एका मुलीला म्हटलं, "तू कुठंतरी चुकली असशील, परत मोज. ॲप कसं चुकेल?" ती चुकली नव्हती. ॲपही चुकलं नव्हतं. चुकले होते मी. आणि हे मला त्याच दिवशी कळलं नाही, चार दिवसांनी कळलं. त्या चार दिवसांत त्या मुलीनं गणिताच्या तासाला एकदाही हात वर केला नाही. आज लिहायला बसले ते त्यामुळंच. मोबाईल मुलांना द्यावा की नको, हा वाद मला इथं परत घालायचा नाही. तो आपण रोज घालतोच. मला म्हणायचंय ते यापेक्षा बारीक आहे: ॲप द्या, जरूर द्या, पण कुठल्या वेळी द्यायचं आणि त्यातलं कुठलं बटण आधी दाबू द्यायचं, याचा विचार आपण करत नाही.

आधी विषय सांगते. इंग्रजीत याला सेल्युलर ऑटोमाटा म्हणतात. ‘पेशीय’ वगैरे भाषांतर करायला गेलं की मुलांना विज्ञानाचा धडा आठवतो, म्हणून आम्ही वर्गात त्याला सरळ ‘घरांचा खेळ’ म्हणतो. बुद्धिबळाच्या पटावर असतात तशी घरं. प्रत्येक घर एक तर भरलेलं किंवा रिकामं. पुढच्या क्षणी ते भरलेलं राहील की रिकामं होईल, हे फक्त त्याच्या शेजाऱ्यांवर ठरतं. बस, एवढंच. कुणी राजा नाही, कुणी पुढारी नाही, अख्ख्या पटाकडं बघणारं कुणी नाही. प्रत्येक घर आपल्या आजूबाजूला बघतं आणि नियम पाळतं. आणि त्यातून पटावर असे आकार उभे राहतात की नियम लिहिणाऱ्यालाही ते आधी सांगता आले नसते.

ही कल्पना १९४० च्या दशकात अमेरिकेत जॉन फॉन नॉयमन आणि स्टॅनिस्लाव उलाम या दोघांच्या बोलण्यातून आली. स्वतःचीच प्रत तयार करणारं यंत्र असू शकतं का, हा फॉन नॉयमन यांचा प्रश्न होता. त्यांच्या पटावरच्या प्रत्येक घराच्या २९ अवस्था होत्या. शाळेत आणण्यासारखं ते नाही. शाळेत आणण्यासारखा खेळ केंब्रिजच्या जॉन कॉनवे यांनी बनवला. त्यांनी अवस्था दोनच ठेवल्या. प्रत्येक घराला आठ शेजारी. भरलेल्या घराचे दोन किंवा तीन शेजारी भरलेले असतील तर ते टिकतं, नाहीतर रिकामं होतं. रिकाम्या घराचे बरोबर तीन शेजारी भरलेले असतील तर तिथं नवं जन्माला येतं. याचं नाव ‘गेम ऑफ लाइफ’. मार्टिन गार्डनर यांनी ऑक्टोबर १९७० च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात तो छापला आणि तो जगभर पसरला.

आज हा खेळ फुकट मिळतो. ‘गॉली’ नावाचं ॲप आहे, संगणकावर आणि मोबाईलवर दोन्हीकडं चालतं. ‘नेटलोगो’ ब्राउझरमध्येच उघडतं. बोटानं घरं भरायची, ‘रन’ दाबायचं, आकार नाचायला लागतात. मीही पहिल्या वर्षी तेच केलं. प्रोजेक्टर लावला, रन दाबलं. मुलं "भारी!" म्हणाली. दहा मिनिटांत कंटाळली. एकानं विचारलं, "बाई, यात जिंकायचं कसं?" मी म्हटलं, यात जिंकायचं नसतं. तिथं तास संपला. वहीत एक ओळ नाही, डोक्यात एक प्रश्न नाही. पण फोटो छान आले. तंत्रज्ञानाचा वापर या रकान्यात टिकमार्क झाला. असे तास आपण सगळेच घेतो, नाकारू नका.

दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टर बिघडला होता, हे माझं नशीब. मी मुलांना चौकटीच्या वहीवर बसवलं. मधोमध ओळीनं तीन घरं भरा, पुढची पिढी काढा. नियम फळ्यावर लिहिलेला. उत्तर साधं आहे: आडवा दांडा उभा होतो, परत आडवा, परत उभा. लुकलुकत राहतो. पण निम्म्या वर्गाचं उत्तर भलतंच. कित्येकांना चार घरांचा वाकडातिकडा आकार आला, आणि गंमत म्हणजे बऱ्याच जणांना तोच आला. एकमेकांचं बघून लिहिलं असं आधी वाटलं. मग एकाला माझ्यासमोर करायला लावलं. तो वरच्या डाव्या कोपऱ्यापासून वाचल्यासारखा ओळीनं येत होता. दांड्याच्या वरचं घर भरलं, लगेच पेन्सिलीनं काळं केलं, आणि पुढच्या घराचे शेजारी मोजताना ते नवीन घरही मोजलं. म्हणजे त्यानं आजच्या पिढीत उद्याची पिढी मिसळली होती. असं केलं की चारच घरं येतात, तुम्हीही करून बघा.

ही चूक मला त्या वर्षीची सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. कारण ‘सगळ्यांनी एकाच वेळी बदलायचं’ ही अट मी वाचून दाखवली होती, मुलांनी ऐकलीही होती, पण ती अट म्हणजे काय हे हात घातल्याशिवाय कळत नव्हतं. ॲपमध्ये ही चूक करायची सोयच नाही. ॲप ती अट गुपचूप पाळतं. मूल चुकत नाही आणि म्हणून शिकतही नाही. मग आम्ही उपाय काढला: एका वहीत जुनी पिढी, शेजारच्या पानावर नवी. जुनीला हात लावायचा नाही. संगणकवालेही हेच करतात, दोन पट ठेवतात, हे मी मुलांना नंतर सांगितलं.

आणि हाताला कमी लेखू नका. कॉनवे आणि त्यांचे सहकारी सुरुवातीला हा खेळ ‘गो’च्या पटावर सोंगट्या मांडून खेळायचे. पाच घरांचा एक छोटा आकार आहे, त्याला आर-पेंटोमिनो म्हणतात. तो काही शांत होईना. तो हातानं पुढं नेता नेता त्यांचे सहकारी रिचर्ड गाय यांच्या लक्षात आलं की एक तुकडा चालतोय! पाच घरांचा तो तुकडा दर चार पिढ्यांनी एक घर तिरका सरकतो आणि परत तसाच दिसतो. त्याला ग्लायडर म्हणतात. आमची मुलं त्याला खेकडा म्हणतात. उत्तन-गोराईकडं खेकडे बघितलेली मुलं आहेत, त्यांना दुसरं काय सुचणार? तर जगातला पहिला ग्लायडर कुठल्या पडद्यावर दिसलेला नाही, पटावर एकेक सोंगटी मांडताना दिसलेला आहे.

पण तेवढंच खरं धरून "आमच्या वेळी कुठं होते मोबाईल" म्हणणाऱ्यांच्याही बाजूनं मी नाही. तोच आर-पेंटोमिनो शेवटी १,१०३ पिढ्यांनंतर स्थिरावतो. ते हातानं करायला कुणी बसू नये. ते संगणकानंच बघायचं. प्रश्न फक्त क्रमाचा आहे.

आता त्या मुलीची गोष्ट.

हातानं पिढ्या काढून झाल्यावर मी वर्गात ॲप आणलं. माझाच मोबाईल, प्रोजेक्टरला जोडलेला. गृहपाठ असा होता: वहीत बारा बाय बाराचा चौकोन आखा, खेकडा सोडा, तो काठाला गेला की काय होतं ते लिहा. दुसऱ्या दिवशी ॲपवर पडताळा. ॲपवर खेकडा खालच्या काठात बुडाला आणि वरच्या काठातून परत आला. वर्गात टाळ्या. बहुतेकांनी वहीत "तो बाहेर गेला" एवढंच लिहिलं होतं, ते खुश झाले, आमचं जवळजवळ बरोबर म्हणून. ही मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, माझा डबा झाला." म्हणजे? म्हणे, खालच्या ओळीला टेकल्यावर तीन पिढ्यांत त्याचा दोन बाय दोनचा डबा झाला आणि तो तिथंच बसून राहिला. मी तिची वही न बघता ते वरचं वाक्य बोलले.

चार दिवसांनी वह्या तपासताना तिचं पान समोर आलं. एकेक पिढी स्वच्छ काढलेली. मी पेन्सिल घेऊन मागोमाग गेले. काठाखाली घरंच नाहीत असं धरलं, तर जी घरं तिथं जन्मणार होती ती जन्मत नाहीत, पहिल्या पिढीत चार उरतात, दुसऱ्या पिढीत तीन, आणि तिसऱ्या पिढीत त्या तिनांच्या कुशीत चौथं येऊन डबा होतो. डब्यातल्या प्रत्येकाला तीन शेजारी, त्यामुळं तो हलत नाही. शंभर टक्के बरोबर. आणि ॲप? त्या ॲपच्या पटाला काठच नव्हता. वरची कड खालच्या कडेला चिकटवलेली, डावी उजवीला. मेदूवड्यासारखा गोल पट. ते ॲप बनवणाऱ्यानं सोयीसाठी घेतलेला निर्णय होता, सेटिंगमध्ये एका कोपऱ्यात लिहिलेला. मी तो कधी बघितला नव्हता. गॉलीमध्ये हे उघडपणे ठरवता येतं. नियमाच्या पुढं कोलन देऊन पी आणि पटाची मापं लिहिली की पक्का काठ, टी लिहिलं की चिकटवलेला. पी लावल्यावर तिचा डबा आला.

मी वर्गासमोर तिची माफी मागितली. तिनं फक्त मान हलवली. तिची आई नंतर भेटली तेव्हा म्हणाली की ती घरी सांगत होती, मोबाईल बरोबर असणार, बाई पण तसंच म्हणाल्या. हे वाक्य मला अजून टोचतं. तेरा वर्षांची मुलगी स्वतः मोजलेलं सोडून देते, कारण काचेवर काहीतरी वेगळं हललं आणि बाईंनी काचेची बाजू घेतली. पुढं आयुष्यभर तिला काचेवरच्याच गोष्टींशी वागायचंय: बँकेचं ॲप, निकालाचं संकेतस्थळ, नकाशा, आता तर प्रश्नांची उत्तरं देणारी यंत्रंही. प्रत्येकाच्या आत कुणीतरी कुठलातरी काठ ठरवलेला असतो.

पालकांचा नेहमीचा प्रश्न मला माहीत आहे: हे परीक्षेत येतं का? नाही येत. पण वाटेत जे येतं ते सगळं परीक्षेतलं आहे. उदाहरण सांगते. पट एका ओळीचाच घ्या. प्रत्येक घरानं फक्त स्वतःकडं आणि डाव्या-उजव्या शेजाऱ्याकडं बघायचं. तीन घरांच्या भरल्या-रिकाम्या जुळण्या किती? दोनचा तिसरा घात, आठ. प्रत्येक जुळणीला उत्तर भरलेलं किंवा रिकामं. मग एकूण नियम किती? दोनचा आठवा घात, २५६. स्टीफन वुल्फ्रम यांनी या सगळ्यांना ० ते २५५ असे क्रमांक दिले. घातांकाचं प्रकरण मी इतकी वर्षं शिकवतेय, पण "२५६ खेळ आहेत, त्यातला कुठला खेळायचा?" म्हटल्यावर जे डोळे चमकले ते आधी कधी चमकले नव्हते. त्यातला ९० क्रमांकाचा नियम असा: डावा आणि उजवा यांच्यातला नेमका एक भरलेला असेल तरच भरायचं. एका घरापासून सुरू करून सोळा ओळी चौकटीच्या वहीत काढा. त्रिकोणात त्रिकोण उमटतात. तेच चित्र मेरुप्रस्तारात, म्हणजे पिंगलाच्या छंदःशास्त्रावरच्या टीकेत हलायुधानं दिलेल्या आणि आज आपण पास्कलचा त्रिकोण म्हणतो त्या मांडणीत, विषम संख्यांची घरं काळी केली की येतं. मराठीच्या बाई वृत्तं शिकवत होत्या, त्यांनाही बोलावलं. त्या म्हणाल्या, लघु-गुरू तर आमचे. छान भांडण झालं.

नियम १८४ आमच्या गावचाच म्हणायला हवा. काशीगाव हायवेला चिकटून आहे. इथल्या मुलांना बेरजेआधी ट्रॅफिक कळतं. दहिसरच्या नाक्याकडं लागलेली रांग, घोडबंदरकडं वळणाऱ्या गाड्या, मेट्रो नऊच्या कामात वर्षानुवर्षं आकसलेला रस्ता. काशीगाव स्थानकाचे खांब उभे राहताना बघतच ही मुलं मोठी झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या गाड्यांचा टोल माफ झाला, त्यात दहिसर होतं. वर्गात एकानं विचारलं, "टोल नाही, सिग्नल नाही, अपघात नाही, तरी मध्येच गाड्या का थांबतात?" त्याचे वडील रिक्षा चालवतात, प्रश्न घरून आलेला होता.

नियम १८४ सांगतो: पुढचं घर रिकामं असेल तर पुढं सरक, नसेल तर थांब. मैदानावर खडूनं गोल काढला, त्यात वीस घरं. आठ मुलं उभी केली, कशीही. शिट्टी वाजली की पुढचं घर रिकामं असेल तरच एक पाऊल. पहिल्या काही शिट्ट्या धक्काबुक्की, मग सगळे सुटे होऊन प्रत्येक शिट्टीला आठही चालायला लागले. दहा मुलं, तरीही निभावलं, एकाआड एक. मग चौदा केली. रिकामी घरं सहा, त्यामुळं कितीही शिट्ट्या मारा, एका वेळी सहाच पुढं जाणार. आणि इथं गंमत झाली. गच्चीवर उभ्या केलेल्या दोघांनी ओरडून सांगितलं की मुलं पुढं जातायत पण गर्दी मागं जातेय! गोलात उभ्या असलेल्या एकालाही ते दिसलं नव्हतं. पुढचा सुटतो, मागचा येऊन अडकतो, म्हणून कोंडीचा घोळका उलट्या दिशेनं सरकतो.

जपानमध्ये हे खऱ्या गाड्यांनी करून बघितलंय. २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या, सगळ्यांना सांगितलं सारख्या वेगानं चालवा. ना सिग्नल, ना नाका. थोड्या वेळानं कोंडी आपोआप झाली आणि मागं सरकू लागली, ताशी साधारण २० किलोमीटरनं. ते २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी १९९२ मध्ये नागेल आणि श्रेकेनबर्ग या दोघांनी १८४ सारख्याच नियमात वेग आणि ‘एखादा चालक उगाचच जरा हळू होतो’ एवढी एक अट घालून रस्त्याचं प्रारूप बनवलं होतं. रिक्षावाल्या बाबांना मुलानं घरी जाऊन काय सांगितलं असेल कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "पप्पा म्हणाले हे आम्हाला माहीतच होतं."

यानंतर, आणि यानंतरच, नेटलोगोवरचं रहदारीचं प्रारूप उघडलं. आता मुलं रन दाबायच्या आधी पैजा लावत होती. गाड्या वाढवल्या तर कोंडी कुठं होईल, किती वेगानं मागं जाईल. ॲप तेच होतं, पहिल्या वर्षी असतं तर दहा मिनिटांत कंटाळली असती. आता बरोबर आलेल्यापेक्षा चुकलेल्या पैजेवर जास्त वेळ बोलणं झालं.

सगळ्यात लाडका तास मात्र चिंचोक्यांचा. आणि तो मुंबईचा आहे, हे मला सांगायलाच हवं.

फरशीवर तीन बाय तीनचा चौकोन आखा. प्रत्येक घरात तीन चिंचोके, म्हणजे सत्तावीस. आता मधल्या घरात एक जास्त टाका. नियम: ज्या घरात चार किंवा जास्त झाले त्यानं चार शेजाऱ्यांना एकेक द्यायचा. काठावरच्या घराला बाहेरच्या बाजूला शेजारी नाही, तो चिंचोका पटाबाहेर पडतो. कुठलंच घर चारवर राहिलं नाही की थांबा. मधलं फुटतं, मग बाजूची चार फुटतात, मग कोपरे, मग परत मधलं. एकेक चिंचोका वाढवत गेलं की कधी काहीच होत नाही आणि कधी असा गडगडाट होतो. वाळूच्या ढिगावर चिमूटचिमूट वाळू टाकत राहिल्यासारखं. बाक, तांग आणि वीसेनफेल्ड या तिघांनी १९८७ मध्ये हे प्रारूप मांडलं, तेव्हापासून भूकंप, दरडी यांच्यासंदर्भात त्यावर खूप बोललं गेलं.

मी सहा गट केले होते. मुद्दाम कुठल्या घरापासून फोडायचं ते सांगितलं नाही. मधल्यानंतर कुणी डावीकडून गेलं, कुणी उजवीकडून, एका गटात दोघं भांडत दोन्हीकडून. गेम ऑफ लाइफच्या वेळी क्रम चुकल्यावर काय झालं हे त्यांना चांगलं आठवत होतं, त्यामुळं ओरडा सुरू: "बाई, आधी कोण ते सांगा, नाहीतर वेगवेगळं येईल!" मी गप्प. सहाही गटांचं उत्तर एकच आलं. मध्ये शून्य, बाजूला तीन-तीन, कोपऱ्यात एक-एक. पटावर सोळा, बाहेर बारा. आणि फुटण्याची संख्याही सगळ्यांची दहा.

वर्ग शांत झाला, म्हणजे खरोखर शांत. तिकडं क्रम बदलला तर सगळं बिघडतं आणि इथं काहीच बिघडत नाही. का? पाठ्यपुस्तकात ‘क्रमनिरपेक्षता’ हा शब्द असतो, आपण तो पाठ करून घेतो आणि तो एका गुणाचा असतो. त्या दिवशी तो शब्द मुलांनीच काढला. एकजण म्हणाला, कुणीही आधी फुटलं तरी ते शेजाऱ्याकडून काही काढून घेत नाही, देतंच, म्हणून शेजाऱ्याची फुटायची वेळ टळत नाही. लेखी पुराव्याला अजून बरंच लागतं, पण गाभा हाच.

हा गुण या प्रारूपात आहे हे दीपक धर यांनी १९९० मध्ये दाखवलं. तेव्हा ते कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. मीरा रोडहून लोकल पकडून चर्चगेटला उतरायचं आणि तिथून पुढं बस, इतकी ती संस्था आपल्या जवळ आहे. क्रमनिरपेक्षतेला गणितात नॉर्वेच्या आबेल यांच्यावरून ‘अबेलियन’ म्हणतात, म्हणून जगभर आज हे ‘अबेलियन सँडपाइल’ या नावानं ओळखलं जातं. २०२२ मध्ये धर यांना बोल्ट्झमन पदक मिळालं, जॉन हॉपफिल्ड यांच्याबरोबर. ते मिळवणारे ते पहिले भारतीय. आपल्या मुलांना क्रिकेटपटूंच्या धावा पाठ असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण चिंचोके मोजून झाल्यावर हे नाव सांगितलं तर तेही लक्षात राहतं. आधी सांगितलं तर सामान्यज्ञानाची आणखी एक ओळ होते.

मग ॲपवर एकाच घरात लाखो कण टाकले आणि रन दाबलं. जी नक्षी उमटली ती बघून मुली म्हणाल्या, रांगोळी! चार रंग, चारही बाजूंनी सारखी, आत बारीक आणि बारीक. ठिपक्यांच्या कागदावर आजी काढते तशी. फरक एवढाच की आजीला शेवट माहीत असतो आणि इथं एकाही घराला माहीत नसतो. ती नक्षी हातानं काढायची म्हटली तर जन्म जाईल, ॲपशिवाय ती दिसणारच नव्हती. पण फरशीवर अठ्ठावीस चिंचोके सरकवलेल्या मुलाला तिच्यात जे दिसतं, ते नुसतं बटण दाबणाऱ्याला दिसत नाही. मी दोन्ही प्रकारचे वर्ग घेतलेत, म्हणून एवढ्या ठामपणे म्हणतेय.

आता पालकांसाठी थोडं. २०२० चं शैक्षणिक धोरण आलं, त्यात संगणकीय विचार आणि माध्यमिकच्या आधीच्या वर्गांत कोडिंग हे शब्द आले, आणि तेव्हापासून घरोघरी फोन येतात की तुमच्या मुलाला कोडिंग शिकवा, नाहीतर तो मागं पडेल. आमच्या वस्तीत बाप टेम्पो चालवतो, आई चार घरी स्वयंपाक करते, आणि ते मला विचारतात की इतक्या हजारांचा क्लास लावू का. मी स्पष्ट सांगते, अजून लावू नका. ‘सगळे एकाच वेळी बदलतात’ म्हणजे काय, ‘काठावर काय होतं’ म्हणजे काय, ‘क्रम बदलला तर चालेल का’, हेच तर संगणकीय विचार आहेत आणि ते चौकटीच्या वहीत बसतात. घरात मोबाईल एकच असतो आणि तो रात्री वडिलांबरोबर परत येतो. वही मात्र दिवसभर मुलाकडं असते. तरीही घरी ॲप उघडलंच तर एक करा: मुलाला ‘रन’ दाबू देऊ नका, ‘स्टेप’ दाबू द्या. एक पाऊल पुढं. आणि दाबायच्या आधी विचारा, आता काय होईल? तुम्हाला उत्तर यायची गरज नाही. खरं तर तुम्हाला येत नसेल तर जास्त बरं, मूल समजावून सांगतं.

शिक्षकांपैकी काही जण म्हणतील, एवढा वेळ कुठाय? खरं आहे. चिंचोक्यांचा तास दोन तासिका खाऊन गेला आणि अभ्यासक्रम तेवढा मागं राहिला. मी तो शनिवारी भरून काढला, मुलं कुरकुरली. बाहेर पडलेले बारा चिंचोके एका गटाला अकराच सापडले आणि बारावा कपाटाखाली निघाला. फरशी पुसायला मावशींनी आम्हालाच लावलं. हे सगळं सोयीचं नाही. ॲप सोयीचं आहे.

या वर्षी शाळेला टॅब मिळायची शक्यता आहे. मुख्याध्यापकांनी विचारलं, काय काय घालून घ्यायचं त्यात. मी यादी दिली: गॉली, नेटलोगो. आणि खाली लिहिलं, चौकटीच्या वह्या पन्नास, खडूचे खोके दोन, चिंचोके एक किलो. सर म्हणाले, चिंचोके कुठल्या खात्यात दाखवू?